बंद बटण हिरवं दिसता कामा नये

'बटन हिरवं पाहिजे.' सॉफ्टवेअर करून मागायला आलेल्या माणसाची पहिली अट बहुतेक वेळा हीच असते. हिशोब कसा ठेवायचा, पावती कोणाच्या नावानं निघणार, चुकीची नोंद कोण दुरुस्त करणार, हे सगळं नंतर. आधी रंग. मी विचारतो, 'कोणत्या वेळी हिरवं?' समोरचा माझ्याकडे असा पाहतो, की सरांना ऊन लागलं असावं.

पण प्रश्न खरा आहे. स्क्रीनवरचं बटण कधी नुसतं दाबण्याची वाट पाहत असतं. कधी त्यावर बोट टेकलेलं असतं. कधी ते दाबून झालेलं असतं आणि आत काम चालू असतं. कधी ते बंद असतं, म्हणजे आधीचे रकाने भरल्याशिवाय दबणारच नसतं. त्यात फोन उजळ थीमवर आहे की काळ्या, यावर हे सगळं पुन्हा बदलतं. या प्रत्येक वेळी बटण वेगळं दिसायला हवं, कारण बटण कोणत्या अवस्थेत आहे हे वापरणाऱ्याला बऱ्याचदा रंगावरूनच कळतं. आपल्याकडे मात्र मंजुरी मिळते ती एकाच रंगाला, वाट पाहत बसलेल्या बटणाच्या. उरलेले रंग कोणीच ठरवत नाही. मग ते कुठूनतरी येतात, आणि आले की 'बटण विचित्र वागतंय' अशी ओरड होते. माझं म्हणणं एवढंच आहे, की बटण विचित्र वागत नाही. जे कोणी ठरवलंच नाही ते ते दाखवतं, आणि त्याचा भुर्दंड रंग निवडणाऱ्याला पडत नाही. बटण दाबणाऱ्याला पडतो.

मी कुहीचा. नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं गाव. इथे बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. आता खत-बियाण्यांची दुकानं, धान-मिरचीचे व्यापारी, गावातली मंडळं यांना लागणारी लहानसहान सॉफ्टवेअरं करतो. मांढळ, वेलतूर, पाचखेडीकडचे जुने विद्यार्थी अडले की फोन करतात. मांढळच्या एकाचा फोन असाच आला. मिरचीच्या एका व्यापाऱ्यासाठी तो अ‍ॅप करत होता. शेतकऱ्यानं आदल्या दिवशी किती पोती, कोणत्या वाणाची, ते नोंदवायचं आणि मिळालेल्या नंबरनं सकाळी माल आणायचा, एवढंच काम.

'सर, बटन रंगच नाही घेऊन राह्यलं. हिरवा लिवला, तरी जांभळंच दिसते. फोन बदलून पाह्यला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. एरर बी नाही देत.'

अँड्रॉइड शिकायला बसलेल्या किती जणांची या जांभळ्याशी गाठ पडली असेल, त्याला गणती नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये अँड्रॉइड स्टुडिओची 4.1 ही आवृत्ती आली. तेव्हापासून नवा प्रोजेक्ट उघडला की गूगलची 'मटेरियल' ही डिझाइन पद्धत आपोआप लागू होऊ लागली आणि मुख्य रंगाच्या जागी एक गडद जांभळा भरून येऊ लागला. तुम्ही साधं बटण लिहिलंत तरी ही पद्धत त्या जागी स्वतःचं मटेरियल बटण उभं करते. या बटणाला रंगाच्या दोन जागा असतात. एक 'बॅकग्राउंड', म्हणजे मागचा आकार आणि त्याचा रंग. दुसरी 'बॅकग्राउंड टिंट', म्हणजे त्या आकारावर वरून चढणारा रंग. विद्यार्थ्यानं हिरवा लिहिला तो पहिल्या जागी. दुसऱ्या जागी थीमचा जांभळा आधीच बसलेला. भिंतीला तुम्ही हिरवा रंग दिला आणि मागोमाग दुसऱ्या कोणी त्यावर जांभळ्याचा हात मारला, तर भिंत जांभळीच दिसणार. मटेरियलच्या लायब्ररीच्या 1.2 पूर्वीच्या आवृत्त्या तर बॅकग्राउंडकडे पाहतही नसत. पुढे ते वाचलं जाऊ लागलं, पण टिंट काढल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय उपयोग शून्य.

त्यानं माझं बोलणं पुरतं ऐकून न घेता हिरवा सरळ टिंटच्या जागी लिहिला. बटण हिरवं झालं. व्यापाऱ्यानं पाहिलं, मान डोलावली, पैसे दिले. यूट्यूबवरचे बहुतेक धडेही इथेच संपतात.

आता त्या टिंटच्या जागी आधी काय होतं ते पाहू. तिथे एकटा जांभळा नव्हता, रंगांची यादी होती. बटण चालू असेल तर मुख्य रंग. बंद असेल तर पानावरच्या साध्या अक्षरांच्या रंगाची फक्त 12 टक्के दाट अशी फिकट करडी छटा, आणि त्यावरची अक्षरं 38 टक्के दाट. ही यादी पुसून तिथे एकच हिरवा लिहिला, तेव्हा बंद बटणाचा करडाही त्याबरोबर गेला. अ‍ॅपमधलं 'नोंदवा' बटण पोत्यांचा आकडा आणि वाण भरल्याशिवाय चालू होत नसे. पण दिसत होतं मात्र हिरवंगार. वाण निवडायचा राहून गेलेला एक म्हातारा शेतकरी ते बटण दाबून निश्चिंत झोपला आणि सकाळी भाड्याच्या गाडीत पोती घालून दारात उभा राहिला. नंबर नाही. 'मी त बटन दाबलं होतं न बापा,' तो सांगत होता, आणि तो खोटं बोलत नव्हता. दाबलंच होतं. बटण मेलेलं होतं, एवढंच.

यात कोणी कोणाला फसवलं नाही. व्यापाऱ्यानं हिरवं मागितलं, पोरानं हिरवं दिलं, दोघांनी मिळून ते चांगल्या उजेडात, सगळे रकाने भरून तपासलं. न भरलेल्या फॉर्मवरचं बटण कसं दिसतं, हे मात्र दोघांपैकी कोणीही पाहिलं नाही.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. हिरवा एका बटणावर न लिहिता थीमचा मुख्य रंग म्हणून लिहायचा, म्हणजे यादी शाबूत राहते आणि बंद बटण आपोआप करडं होतं. तसं केलं. मग अंधार पडल्यावर व्यापाऱ्याचा फोन काळ्या थीमवर गेला आणि बटण पुन्हा जांभळं झालं, या वेळी फिकट जांभळं, त्यावर काळी अक्षरं. कारण नव्या प्रोजेक्टमध्ये रात्रीच्या रंगांची फाइल वेगळी येते, आणि ती कोणी उघडलीच नव्हती. अँड्रॉइडवर ही काळी थीम 2019 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून सगळ्या फोनभर लागू करता येते. बॅटरी वाचते म्हणून आमच्याकडे कितीतरी जण ती कायम लावून ठेवतात. म्हणजे रात्रीची फाइल दिवसाही चालू असते.

हे दुखणं अँड्रॉइडच्या कितीतरी आधीचं आहे. क्लासमध्ये मी व्हिज्युअल बेसिक शिकवत असे. मायक्रोसॉफ्टनं 1998 मध्ये आणलेली तिची सहावी आवृत्ती आमच्याकडे पुढे बरीच वर्षं चालली. फॉर्मवर कमांड बटण ठेवायचं, प्रॉपर्टीजच्या खिडकीत 'बॅककलर' शोधायचा, लाल निवडायचा. रकान्यात लाल दिसे, बटण करडंच राही. पोरं माउस आपटायची. त्याच खिडकीत 'स्टाइल' नावाचा दूरचा एक रकाना होता; तो 'स्टँडर्ड'वरून 'ग्राफिकल' केला की मग बटण लाल होई. बटणावरच्या अक्षरांचा रंग बदलायला तर रकानाच नव्हता.

पोरांना वाटे, हा मायक्रोसॉफ्टचा घोळ. मला तसं वाटत नाही. साधं बटण विंडोज स्वतः रंगवत असे, आणि कोणत्या रंगानं, हे त्या संगणकासमोर बसणारा माणूस डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ठरवत असे. विंडोज 95 पासून अधू नजरेच्या लोकांसाठी ठळक काळ्या-पांढऱ्या रंगांची योजना सोबत येई. मोतीबिंदू पिकत आलेला एखादा लिपिक ती योजना लावून बसला असेल, तर माझ्या विद्यार्थ्याच्या हौसेच्या लाल रंगापेक्षा त्या लिपिकाची नजर मोठी. बटणानं प्रोग्रामरचं ऐकलं नाही, कारण ते वापरणाऱ्याचं ऐकत होतं. हा प्राधान्यक्रम मला आजही योग्य वाटतो.

चूक वाटतो तो मुकेपणा. रकाना दाखवायचा, त्यात लाल निवडू द्यायचा, आणि मग काही न बोलता तो बाजूला ठेवायचा, हे गैर आहे. व्हिज्युअल बेसिकनं ते केलं, आणि मांढळच्या पोराच्या बाबतीतही तेच झालं. प्रोग्राम बिनतक्रार चालला, रंग मात्र लागला नाही. 'इथे लिहिलेला रंग टिंटमुळे दिसणार नाही' एवढं एक वाक्य समोर आलं असतं, तर कित्येक पोरांच्या कित्येक संध्याकाळी वाचल्या असत्या. साधनं बनवणाऱ्यांनी नाही म्हणावं, खुशाल म्हणावं. पण तोंडानं म्हणावं. गप्प बसलेलं साधन शिकणाऱ्याला एकच धडा देतं: रंग लागेपर्यंत काहीही करत राहा. मग तो यादी पुसतो, आणि मेलेली बटणं हिरवी होतात.

गेल्या काही वर्षांत तर बटणाच्या रंगावर हक्क सांगणारे आणखी वाढले आहेत. 2021 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 12 पासून फोन वॉलपेपरमधून रंग उचलतो. अ‍ॅप नव्या 'कंपोज' पद्धतीनं लिहायला घेतलं, तर वॉलपेपरचे रंग वापरायची सोय तिथे सुरुवातीपासून चालूच असते. ज्याच्या फोनवर दीक्षाभूमीचा स्तूप आणि वर निळं आभाळ, त्याचं बटण निळसर. ज्यानं नातीचा गुलाबी फ्रॉकमधला फोटो लावला, त्याचं गुलाबीकडे झुकणारं. आणि ज्याचा फोन जुना, त्याचं जांभळं. एकच अ‍ॅप, तीन रंग. मग मला फोन येतो, की 'सर, माझ्या साळ्याकडचं अ‍ॅप डुप्लिकेट आहे का?'

अ‍ॅप लिहायच्या फ्लटर नावाच्या साधनाची आणखी एक तऱ्हा आहे. नोव्हेंबर 2023 मधल्या 3.16 या आवृत्तीपासून त्यात मटेरियलची तिसरी पिढी मुळातच लागू असते. तिथे तुम्ही एक रंग देता आणि साधन त्यावरून सगळ्या रंगांचा संच तयार करतं. पण दिलेला रंग जसाच्या तसा बटणावर येईल याची हमी नाही. उजळ थीमसाठी त्याची गडद छटा निवडली जाते, काळ्या थीमसाठी फिकट. भडक नारिंगी द्या, बटण तपकिरी येतं. एका गणेश मंडळाचं वर्गणीचं अ‍ॅप दाखवायला गेलो, तर कार्यकर्त्यांनी फोन हातोहात फिरवला आणि शेवटी एकानं विचारलंच, 'भाऊ, आमचा भगवा कुठं गेला?'

तो कुठे गेला, हे आकड्यांत सांगता येतं. अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक मोजायचं एक जागतिक सूत्र आहे. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून तयार झालेल्या नियमावलीत ते दिलेलं आहे. दोन्ही सारखे असतील तर उत्तर 1 येतं, पांढऱ्यावर काळं असेल तर 21. साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान 4.5 असावं, असा नियम. तिरंग्यासाठी संगणकावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या केशरी रंगावर पांढरी अक्षरं लिहिली, तर ते भरतं जेमतेम 2.1. तिरंग्याच्याच हिरव्यावर पांढरी अक्षरं 4.6 देतात, म्हणजे काठावर पास. पिवळ्याधमक रंगावर पांढरी लिहिली तर 1.07, म्हणजे नसल्यातच जमा. साधनानं भगव्याचा तपकिरी केला तो पांढरी अक्षरं वाचता यावीत म्हणून. मंडळाला तपकिरी नको होता आणि काळी अक्षरं तर त्याहून नको होती. शेवटी बटण भगवंच ठेवलं आणि अक्षरं काळपट लाल केली. गुणोत्तर सातच्या वर गेलं. साधनाचा तपकिरीही पडून राहिला आणि मंडळाची पांढरी अक्षरंही. वर्गणी देणाऱ्याला मात्र बटण वाचता येऊ लागलं. अशा तडजोडीला वेळ लागतो, पण त्यात कोणाच्या भावना दुखावत नाहीत, कारण बोलणं 'मला आवडतं, तुला आवडत नाही' यावर न राहता आकड्यावर येतं.

आता हे सगळं एसीच्या खोलीतून बाहेर काढू. ई-पीक पाहणी ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्यानं स्वतःच्या बांधावर उभं राहून, फोनवर, पिकाच्या फोटोसह नोंद करायची असते. एकट्या या अ‍ॅपबद्दल मी बोलत नाही. उघड्या रानात वापरायच्या कोणत्याही अ‍ॅपची हीच कसोटी. विदर्भातल्या उन्हात स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला तरी फिकट करड्यावरची फिकट करडी अक्षरं दिसत नाहीत. त्यात वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, निळा-जांभळा उजेड कमी पोचतो. ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही असे लोक आहेत, आणि त्यांत पुरुष बायकांपेक्षा कितीतरी जास्त. 'मंजूर' हिरवं आणि 'नामंजूर' लाल, एवढ्यावर काम भागवणारा माणूस त्यांना विसरला.

गंमत अशी, की त्या जागतिक नियमावलीनं बंद बटणाला उजेडाच्या अटीतून सूट दिली आहे. दबणारच नाही ते वाचता आलं नाही तरी चालेल, असा त्यामागचा विचार. माझा याला विरोध आहे. माझ्या गिऱ्हाइकांसाठी मी आता शक्य तिथे बंद बटण ठेवतच नाही. बटण चालूच असू द्यावं, आणि काही भरायचं राहिलं असेल तर दाबल्यावर त्यानं सांगावं: 'वाण निवडायचा राहिला.' करडा रंग फार तर 'नाही' म्हणतो. का नाही, ते सांगत नाही. त्या म्हाताऱ्याला 'का' कळलं असतं, तर गाडीभाडं वाचलं असतं.

दाबून झाल्यानंतरच्या रंगाचंही असंच. कॉम्प्युटरवर माउस बटणावर नेला की ते थोडं गडद व्हावं, अशी सोय संकेतस्थळं करतात. तीच पानं फोनवर उघडली, की तिथे माउस नसतो, आणि बोट उचललं तरी तो गडद रंग दुसरीकडे कुठेतरी बोट टेकेपर्यंत बऱ्याचदा चिकटून राहतो. बटण दबलं की नुसतंच गडद झालं, हे कळायला मार्ग नाही. पैसे भरायच्या पानावर हे झालं तर माणसाची छाती धडधडते. 'दोनदा दाबलं त पैसे दोनदा कटते काय?' हा प्रश्न ऑनलाइन सेंटरवर बसणाऱ्या पोरांना पाठ झाला आहे. इथे नवा रंग शोधून उपयोग नाही. बटण दाबताच त्यावरची अक्षरं बदलावीत: 'पाठवत आहे, थांबा.' आणि काम झालं की: 'नोंद झाली,' पुढे क्रमांक. शब्द उन्हातही वाचता येतात, आणि वॉलपेपर बदलला म्हणून ते बदलत नाहीत.

चांगलं बटण कसं असतं हे पाहायला परदेशी जायची गरज नाही. आमचा कुही तालुका उमरेड विधानसभा मतदारसंघात येतो. तिथल्या मतदान केंद्रांवर अंगठा उठवणारी आजी आणि कॉलेजातली नात एकाच रांगेतून आत जाऊन एकच यंत्र वापरतात. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्या मतदान यंत्रं बनवतात. सगळ्या उमेदवारांची बटणं निळी. कोणाचं बटण पक्षाच्या रंगाचं नाही, कोणाचं मोठं नाही. यंत्र मत घ्यायला तयार असलं की वर हिरवा दिवा लागतो. बटण दाबलं की उमेदवारासमोर लाल दिवा लागतो, बीप वाजतो, आणि शेजारच्या यंत्राच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. बटणांशेजारी ब्रेल लिपीतले अंकही असतात. म्हणजे तयार आहे, दाबलं गेलं, नोंदलं गेलं, या तिन्ही गोष्टी कळतात, आणि त्या कळण्याचा सगळा भार एकट्या रंगावर टाकलेला नाही. या यंत्राबद्दल राजकारणात कोणाचं काय म्हणणं असेल ते असो. बटण म्हणून ते मला अनेक चकचकीत अ‍ॅपांपेक्षा प्रामाणिक वाटतं.

कायद्याचंही पाठबळ आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता आलं पाहिजे असं सांगतो. सरकारी संकेतस्थळं आणि अ‍ॅपसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांना मोबाइलवर ओळख पटवताना येणाऱ्या अडचणींवरचा तो निकाल होता, आणि त्यात 20 निर्देश दिले गेले. एवढं असूनही ज्या कागदावर सही होऊन अ‍ॅपचे पैसे निघतात, त्यावर अवस्थांचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. तिथे लिहिलेलं असतं, 'आकर्षक रंगसंगती'.

यावर लोक म्हणतात, दहा-पंधरा हजारांच्या कामात हे चोचले कशाला? दोन उत्तरं आहेत. पहिलं, काम वाढत नाही. रंग थीममध्ये नीट लिहिले, तर बहुतेक अवस्था साधन स्वतःच सांभाळतं. मेहनत वाढते ती एकेका बटणाला हातानं रंगवत बसल्यामुळे. दुसरं, स्वस्तातल्या अ‍ॅपचा वापरणारा माणूसही हातावर पोट असलेला असतो. शहरातल्या माणसाचं बटण दबलं नाही तर तो पुन्हा दाबतो. वेलतूरहून एसटीनं आलेल्या बाईचा अर्ज 'पाठवला' असं वाटून न पाठवताच राहिला, तर तिचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि मुदत उलटून गेली तर वर्ष जातं. खर्च वाचवायला ही जागा सगळ्यात वाईट.

माझा आग्रह साधा आहे. अ‍ॅप करून घेणाऱ्यानं, मग तो मिरचीचा व्यापारी असो, पतसंस्था असो की सरकारी खातं, बिल मंजूर करण्याआधी एक कागद मागावा. त्यावर मुख्य बटणाची पाच चित्रं: वाट पाहणारं, बोट टेकलेलं, काम चालू असलेलं, काम झालेलं आणि बंद. तीच पाच पुन्हा काळ्या थीमवर. प्रत्येकाखाली अक्षरांच्या उजेडाचं गुणोत्तर, आणि रंग काढून टाकला तरी अवस्था कळते का, याचं हो किंवा नाही. मग एक स्वस्तातला, काच तडकलेला फोन घ्यावा, भर दुपारी बाहेर जावं, आणि ज्यानं ते अ‍ॅप कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला अर्धवट भरलेला फॉर्म देऊन विचारावं, 'झाली का नोंद?' त्याचं उत्तर बरोबर आलं तरच बिलावर सही करावी. शिकवणाऱ्यांनीही पहिल्या धड्यात एका रंगाऐवजी ही पाच चित्रं काढायला लावावीत. मी तसंच शिकवतो.

आणि पुढच्या वेळी कोणी 'बटन हिरवं पाहिजे' म्हणत आलं, तर त्याला जरूर हिरवं द्यावं. फक्त जे दबत नाही ते हिरवं दिसणार नाही, एवढी अट करारात आपल्या हातानं लिहून ठेवावी.